मदत हवी आहे: मेंबर वारल्यावर बँड चालू ठेवायचा की बंद करायचा?

गाळा_नंबर_नऊ
आमच्या बँडमधला एक जण वारला. आता दोन गट पडलेत. निम्मे म्हणतात बंद करूया, निम्मे म्हणतात वाजवूया. शुक्रवारपर्यंत समोरच्या पार्टीला हो की नाही कळवायचंय, रोज फोन यायलेत. असा प्रसंग कुणावर आला असेल तर काय केलं ते सांगा. 'मनाला विचार' असलं सांगू नका, मनाला विचारून झालंय.

पंचगंगेकाठी
वाईट झालं. पण बँड कसला ते तरी लिही की भावा. लग्नाचा, बेंजो, का गिटारवाला? कोण वारलं, काय वाजवायचे, कधीची गोष्ट? समोरची पार्टी म्हणजे कोण? आम्हाला काय स्वप्न पडणार आहे व्हय?

जुना_क्लॅरोनेट
आमचं लग्नाचं पथक होतं. मास्तर ऐन लगीनसराईत गेले. तेराव्यापर्यंतच्या सगळ्या सुपाऱ्या आम्ही दुसऱ्या पथकाला देऊन टाकल्या, त्यांनीही माणुसकी ठेवून वाजवल्या. नंतर मास्तरांचा मुलगा क्लॅरोनेट घेऊन पुढे उभा राहिला. कच्चा होता, पण वरातीत कोण एवढं ऐकतंय. पथकाचं नाव तेच ठेवलं. तुम्हीही घरातलंच कुणी बघा, म्हणजे घरच्यांनाही चार पैसे मिळतात. आणि नवे गणवेश शिवायला टाकले असतील तर मापं थांबवा, आम्हाला मास्तरांचा जरीचा कोट फुकट गेला.

गाळा_नंबर_नऊ
काका, लग्नाचा नाही आमचा. कीबोर्ड, दोन गिटार, ड्रम्स, गायक. गणवेश नाही. ड्रमर वारला, जूनमध्ये, झोपेत हार्ट अटॅक. कार्यक्रम गणपतीतला आहे, मंडळाचा.

डबल_पेडल
ड्रमर म्हटल्यावर राहवलं नाही. इंग्लंडच्या लेड झेपलिन बँडचा ड्रमर जॉन बॉनम सप्टेंबर १९८० मध्ये गेला आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी सरळ जाहीर केलं, संपलं. बदली ड्रमर मिळाला नसता का? जगातला कुठलाही आला असता. पण त्यांना कळत होतं की तो ठोका गेला म्हणजे बँड गेला. पुढे २००७ ला लंडनमध्ये एका रात्रीपुरते एकत्र आले तेव्हा ड्रम्सवर बॉनमचा मुलगा होता. माझं मत स्पष्ट आहे, बंद करा आणि दुसऱ्या नावानं नवीन काहीतरी काढा.

उद्यमनगरी
आणि रोलिंग स्टोन्सचं काय? त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ ला गेला, सप्टेंबरात ह्यांची टूर सुरू. एसी/डीसीचा तर गायकच फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि जुलैत नवा गायक घेऊन अल्बम बाजारात. तुझं झेपलिन सोडून बाकी सगळे वाजवतच राहिले की.

डबल_पेडल
वॉट्सनं स्वतः जिवंतपणी स्टीव्ह जॉर्डनला आपल्या जागी बसवलं होतं, आजारपणामुळे. आणि एसी/डीसीवाल्यांना तर गेलेल्या गायकाच्या घरच्यांनीच पुढे जायला सांगितलं. त्यात आणि इथल्या प्रकरणात फरक आहे. इथं पोरगा झोपेत गेला, कुणाला काही सांगून गेलेला नाही.

खासबाग_पिट
तिकडं इंग्लंड-अमेरिकेत कशाला जाताय, आपल्या कोल्हापुरातलं बघा. केशवराव भोसले ऑक्टोबर १९२१ मध्ये गेले तेव्हा वय होतं ३१. ललितकलादर्श नाटक कंपनी त्यांनीच काढलेली, मुख्य गायक नट तेच, मालक तेच. लोक तिकीट काढायचे ते केशवरावांसाठी. तरी कंपनी बंद नाही झाली. बापूराव पेंढारकरांनी ती चालवली, आणि त्यांच्यामागे भालचंद्र पेंढारकरांनी. केशवराव गेले म्हणून पडदा पाडला असता तर मराठी रंगभूमीचं किती नुकसान झालं असतं!

डबल_पेडल
नाटक कंपनी वेगळी हो. तिथं नट बदलतो, नाटक तेच राहतं. शिवाय पन्नास माणसांची पोटं त्यावर.

खासबाग_पिट
मग शंकर-जयकिशन घ्या. जयकिशन १९७१ ला गेले, शंकरनी पुढची कित्येक वर्षं संगीत दिलं ते जोडीच्याच नावानं.

उद्यमनगरी
आणि चाललं का ते पूर्वीसारखं?

खासबाग_पिट
चाललं नाही, पण तो विषय वेगळा. नाव पुसलं नाही हे महत्त्वाचं. बाकी केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं, तेव्हा जी माणसं धाय मोकलून रडली त्यातला एक मी. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. तिथं पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिलो होतो.

पंचगंगेकाठी
आम्ही पण त्या रात्री तिथंच होतो. पण नाट्यगृहासाठी वेगळा धागा काढा, ह्या पोराला शुक्रवारच्या आत उत्तर पाहिजे. @गाळा_नंबर_नऊ, सुपारी त्याच्या आधी घेतलेली का नंतर? इसार घेतलाय का?

गाळा_नंबर_नऊ
आधी. इसार वीस हजार. त्याच्याच खात्यावर आलेत, सगळ्या सुपाऱ्या तोच बघायचा. मंडळवाले म्हणतात वाजवा, नाहीतर पैसे परत द्या.

कसबा_बावडा_एक्सप्रेस
गणपतीत गिटारवाला बँड बोलावणारं मंडळ अजून आहे? नाव सांगा, पाया पडून येतो. आमच्या गल्लीत डॉल्बीशिवाय मूर्ती हलत नाही. आणि लक्षात ठेवा, रात्री दहानंतर स्पीकर लावायला बंदी आहे, सन २००० चे ध्वनिप्रदूषण नियम. बारापर्यंत सूट मिळते ती वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तीही सरकार ठरवेल त्याच दिवशी. तुमच्या तारखेला सूट आहे का बघून घ्या.

गाळा_नंबर_नऊ
कार्यक्रम सातला आहे. हे विचारलं नव्हतं.

वकीलपत्र
विचारलेलं नाही तरी सांगतो, कारण पुढे भांडण इथंच होणार. तुमच्यात लेखी भागीदारी करार आहे का? नसणारच. १९३२ च्या भागीदारी कायद्यात करारात वेगळं ठरलं नसेल तर एक भागीदार वारला की फर्म संपते. म्हणजे 'बंद करायचं का' हा प्रश्न कायद्यानं परस्पर सोडवलेला असू शकतो, पुढे चालवायचं तर नव्यानं जमायचं. सुपारीचं म्हणाल तर करार कायद्याच्या कलम ३७ मध्ये चित्रकाराचं उदाहरण आहे. ठरलेल्या तारखेआधी चित्रकार वारला तर चित्र काढून द्यायची सक्ती त्याच्या वारसांवर नाही. पण तुमची सुपारी एकट्याची नाही, पाच जणांची. मंडळ पैसे मागणार, आणि ते रास्त आहे. आता मला सांगा, चाली कोणाच्या?

गाळा_नंबर_नऊ
बऱ्याचशा त्याच्याच. आम्ही बाकीचे वाजवायचो. का?

वकीलपत्र
कारण रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि त्यानं कुणाला लिहून दिला नसेल तर वारसांकडे जातो. त्या चाली वाजवायच्या तर घरच्यांना विचारावं लागेल. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर त्यासाठीचा परवाना मंडळाकडून घेतला जातो, पण ते तपासून घ्या.

ताई_टाकळा
एवढ्या पोस्टी झाल्या, घरचे काय म्हणतात ते एकानंही विचारलं नाही. झेपलिन विचारून झालं, कलम विचारून झालं. बायको आहे का त्याला? आई-वडील?

गाळा_नंबर_नऊ
आई लहानपणीच गेली. बायको आहे, पोरगी दोन वर्षांची. वहिनी म्हणतात वाजवा, त्याला आवडलं असतं. वडील म्हणतात वर्षश्राद्ध होईपर्यंत ह्या घरात गाणं नाही आणि बँडचं नाव तर कुणी घ्यायचंच नाही. नाव त्याच्या पोरीच्या नावावरून ठेवलंय, आधी दुसरं होतं, ती झाल्यावर बदललं.

ताई_टाकळा
आणि हे तू आत्ता सांगतोयस.

पंचगंगेकाठी
अरे देवा. मग त्या नावानं स्टेजवर जाऊ नकोस, एवढं तर कुणीही सांगेल.

उद्यमनगरी
मला नाही पटत. वहिनींची परवानगी आहे ना? पोरगी त्यांची. सासऱ्यांनी काय म्हणून अडवायचं? पोरीला मोठं झाल्यावर कळू दे की बापानं तिच्या नावाचा बँड काढला होता आणि तो चालू आहे.

ताई_टाकळा
वहिनी त्याच सासऱ्यांच्या घरात राहणार आहेत, तू नाही. रात्री घरातली बोलणी कोण ऐकून घेणार आहे? आणि 'त्याला आवडलं असतं' हे वाक्य मयताच्या घरात सगळेच म्हणतात, त्यावर सुपारी ठरवू नये.

डबल_पेडल
ड्रम्सवर कोण बसणार, हा प्रश्न राहिलाच. @गाळा_नंबर_नऊ?

गाळा_नंबर_नऊ
बदली बघितलाय. इचलकरंजीचा पोरगा आहे, चांगला वाजवतो. दोन तालमी झाल्या गाळ्यात.

डबल_पेडल
म्हणजे ठरवलंयसच की! आम्हाला काय विचारालायस मग? आणि त्याच्याच ड्रमसेटवर बसवलास काय त्याला?

गाळा_नंबर_नऊ
सेट गाळ्यातच आहे, दुसरा कुठून आणू? भाडं दर महिन्याला जातंय. कलमांचं माहीत नव्हतं, ते उपयोगी पडलं. ठरलं असतं तर विचारलंच नसतं.

तुतारी_वाला
ड्रमसेट विकणार असाल तर कंपनी आणि मॉडेल कळवा. सिंबल चिरलेले नसावेत.

ताई_टाकळा
@तुतारी_वाला, लाज वाटू दे जरा.

जुना_क्लॅरोनेट
बाळ, आधीचं माझं सोड, गैरसमज झाला. आता नीट वाचलं. इसार त्याच्या खात्यात आहे म्हणतोस, ते खातं आता कोण बघतंय? वारसांची नोंद झाल्याशिवाय बँक हात लावू देत नाही. त्या वीस हजारांसाठी वहिनींच्या दारात जाऊ नका. चौघांनी पाच-पाच हजार काढा आणि मंडळाचे परत करा, मग मोकळ्या मनानं ठरवा. पैसे अडकलेत म्हणून वाजवणं आणि वाजवायचंय म्हणून वाजवणं, स्टेजवर लगेच दिसतं ते. आम्ही केलंय दोन्ही.

वकीलपत्र
सहमत. आणि परत करताना पावती घ्या, मंडळाच्या लेटरहेडवर.

गाळा_नंबर_नऊ
काल वडिलांना भेटून आलो. वहिनी आतच होत्या. कलमं, झेपलिन काही काढलं नाही. वडील बराच वेळ ड्रमसेट कधी आणून देणार एवढंच विचारत होते. मग म्हणाले, वाजवायचं तर वाजवा, पण पोरीचं नाव बोर्डावर नको आणि त्याच्या चाली नकोत. मंडळाला मघाशी कळवलं. बँडचं नाव न लावता दुसऱ्यांची जुनी गाणी वाजवणार, त्यांना चालतंय. परवाना तेच काढणार. इसाराचं जुन्या काकांनी सांगितलं तसं करतोय, बिदागी नंतर घेऊ. सेट शनिवारी घरी पोचवतोय, इचलकरंजीचा पोरगा स्वतःचा घेऊन येईल. पुढचं पुढं बघू. गायक येणार नाही म्हणाला, तो पहिल्यापासून बंद करा म्हणणाऱ्यातला. त्याला जबरदस्ती करणार नाही.

पंचगंगेकाठी
बरं केलंस. पण मग गाणार कोण?