मदत हवी आहे: पावसाळ्यात १/२४ पद्मिनी टॅक्सीचा काळा रंग पांढरट पडतोय

नमस्कार मंडळी,

प्रीमियर पद्मिनीचं १/२४ मॉडेल (मूळ गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) करायला घेतलंय. खासगी गाडी नव्हे, टॅक्सीच. नव्वदच्या दशकातली काळी-पिवळी, बाहेर लोखंडी मीटर आणि डोक्यावर कॅरियर असलेली. किट म्हणजे थ्रीडी प्रिंटेड रेझिनचं बॉडी-शेल, वेगळी चॅसी, सीट-डॅशबोर्डचे सुटे भाग आणि काचांसाठी एक पारदर्शक शीट. बस्स. सूचनापत्रक नाही, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) नाहीत, क्रोमचा एक भाग नाही. जपानी किटांची सवय असलेल्याला हे म्हणजे इडली मागवावी आणि समोर तांदूळ-उडीद यावेत, असं झालं.

शेल मात्र झकास आहे. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर ९७.५ मिमी भरतं; मूळ गाडीचा व्हीलबेस २३४० मिमी, म्हणजे हिशेब चोख. प्रिंटच्या रेघा ओल्या पॉलिश पेपरने घासून काढल्या, प्रायमर मारला, टपाला पांढरा बेस देऊन पिवळा चढवला. इथपर्यंत सगळं सुरळीत.

अडलंय ते काळ्यापाशी. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून काळा ड्युको (झटपट वाळणारा लॅकर रंग) आणि त्याचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर आणला, एअरब्रशने (रंग फवारायचं पेनासारखं यंत्र, सुई ०.३ मिमी) पातळ थर दिला. रंग बसताना आरशासारखा दिसतो, आणि बघता बघता बॉनेटवर, दारांवर दुधाळ धूर पसरतो. काळा जाऊन राखाडी. घर दादरला, खिडकी उघडी ठेवूनच काम करावं लागतं कारण थिनरचा वास घरच्यांना सहन होत नाही. टेबलावरचा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) सध्या ८५ टक्क्यांच्या खाली यायला तयार नाही. चादरी दोन दोन दिवस वाळत नाहीत तिथे लॅकरकडून काय अपेक्षा करणार म्हणा!

तर हा थर सगळा उतरवावा लागेल की वाचवता येईल? तयार स्प्रे कॅन बाहेरून मागवायचा विचार होता, पण एअरोसोल हवाई टपालाने येत नाहीत. दुसरं, टपाची पिवळी-काळी सीमारेषा सुईसारखी कशी मिळवायची? आणि चाकं कुठली वापरावीत, किटमधली फारच रुंद आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: थिनरबाज

उतरवू नका! याला ब्लशिंग म्हणतात. थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे रंगाचा पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतलं बाष्प त्यावर जमतं. गार पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम येतो तोच प्रकार. ते पाणी ओल्या रंगात अडकलं की पांढरं दिसतं. पिवळ्यावरही झालं असेल, फक्त दिसलं नसेल. काळा कोणाचीच लाज राखत नाही.

उपाय: त्याच रंगवाल्याकडे रिटार्डर मागा. हा सावकाश उडणारा थिनर असतो. नेहमीच्या थिनरमध्ये दहा टक्क्यांपासून सुरुवात करा. रंग न घालता नुसतं हे मिश्रण, अगदी धुक्यासारखं, पांढऱ्या पडलेल्या भागावर मारा. वरचा थर पुन्हा नरम होईल, अडकलेलं पाणी निघून जाईल, काळेपणा परत येईल. भिजवायचं नाही, नाहीतर रंग ओघळेल. रिटार्डर भसाभस ओतायचाही मोह नको. रंग कित्येक दिवस चिकट राहतो आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

पुढच्या थरांसाठी खोलीत एसी असेल तर तासभर ड्राय मोडवर लावून, दार बंद करून हवा कोरडी करून घ्या. रंगाचे फवारे मात्र बंद खोलीत नकोत. एक्झॉस्ट फॅनचा बूथ लावा, तोंडाला ऑरगॅनिक व्हेपरची (थिनरची वाफ शोषणारी) काडतुसं असलेला मास्क लावा. साधा सर्जिकल मास्क इथे कुचकामी. आणि कोणी 'टूके क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारा, काचेसारखी चमक येते' असं सांगितलं तर ऐकू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, राहत्या घरात त्याचा खेळ नको.

प्रतिसाद: सुतारपक्षी

+१. कॉम्प्रेसरच्या नळीतलं पाणीही बघा. टाकी रोज रिकामी करा आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) एअरब्रशच्या जवळ लावा. कॉम्प्रेसरपाशी लावलेल्या ट्रॅपच्या पुढे, लांब नळीत, हवा गार होते आणि पाणी पुन्हा जमतं. मधेच फुर्रकन थेंब उडाला की समजायचं.

एक इशारा. चॅसी किंवा सीट पॉलिस्टायरिनची (नेहमीच्या किटांच्या प्लास्टिकची) असेल तर उघड्या प्लास्टिकवर एनसी थिनर लागू देऊ नका. बारीक जाळीसारख्या भेगा पडतात. रेझिन शेल नीट क्युअर (पूर्ण कडक) झालेलं असेल तर बहुधा टिकेल, तरी प्रायमर घासून कुठे प्लास्टिक उघडं पडलंय का ते पाहा.

सीमारेषेची युक्ती: पिवळा पुरता कडक होऊ द्या. मॉडेलिंगची पिवळी टेप काचेवर चिकटवून कटरने तिची ताजी कड कापा. रोलची कड कधीच सरळ नसते. टेप लावून नख फिरवा आणि आधी त्या कडेवर पुन्हा पिवळाच, हलका फवारा मारा. टेपखाली जे काही झिरपायचं ते पिवळं झिरपेल, फट बुजेल. मग काळा. तो पूर्ण कडक व्हायच्या आत टेप स्वतःवरच दुमडत, सावकाश ओढा. नवी पाती, छोट्या कानशी, पिन वाइस (बारीक भोकांसाठी हाताने फिरवायचं ड्रिल) यांसाठी झवेरी बाजाराच्या गल्ल्यांमधली सोनारांच्या हत्यारांची दुकानं बघा. ऑनलाइन हॉबी दुकानांपेक्षा माल बरा आणि भावही बरा.

प्रतिसाद: गॅरेजवाला

रंगाचं वर आलंच आहे. मी संदर्भाचं बोलतो, कारण इथे भलेभले चुकतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावरून गेली. तेव्हाच्या बातम्यांमुळे नेटवर फोटोंचा पूर आलाय, पण त्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक मीटर आहेत. तुम्हाला नव्वदचं दशक हवंय, तर डाव्या मडगार्डवरचा यांत्रिक मीटर लागेल, 'फॉर हायर'च्या पाटीसकट. पाटी वर की खाली हे आधीच ठरवा: उभी असेल तर गाडी रिकामी, पाडली असेल तर आत सवारी हवी, निदान मागच्या सीटवर एक पिशवी तरी.

दुसरं, डुक्कर फियाटचे फोटो पद्मिनीचे म्हणून फिरत असतात. १९५०च्या दशकातल्या त्या मॉडेलची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागर असलेली, उलटी उघडणारी होती. तुमची गाडी तिच्या पुढची पिढी. इटलीतल्या ११०० डीवरून कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागली, पद्मिनी हे नाव १९७०च्या दशकात लागलं. तिच्या पुढच्या दाराचं बिजागर पुढे आणि हँडल मागच्या कडेला. शेलवर तपासून घ्या, प्रिंट करणाऱ्याने दोन पिढ्या एकत्र केलेल्या मी पाहिल्या आहेत. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तेव्हा मधे खाली गिअर लिव्हर दिलेला असेल तर कापून टाका. पुढची सीटही एकसंध बाक आहे, दोन सुट्या खुर्च्या नव्हेत.

सीमारेषेबाबत इतकंच: सगळ्या टॅक्सींची सरासरी काढू नका. एका गाडीचे चारी बाजूंचे फोटो मिळवा आणि तीच गाडी बनवा.

प्रतिसाद: काळीपिवळी (धागाकर्ता)

थिनरबाज, तुमच्या पायाचं तीर्थ घेतो! रिटार्डर मिळाला. दुकानदाराने 'पावसाळ्यात हाच लागतो साहेब' म्हणत दिला, मग आधी का नाही सांगितलं ते त्यालाच ठाऊक. डाव्या दारावर प्रयोग केला, धूर विरघळून रंग परत काळाभोर झाला. बॉनेटच्या कोपऱ्यात थोडा राहिलाय, तिथे अजून एक फवारा मारीन. दाराचं हँडल मागेच आहे, हुश्श. गिअर लिव्हर मात्र खाली मधोमध होता, कापला. आता ०.५ मिमी तारेचा करून स्टिअरिंगच्या दांड्याला लावतोय.

नंबरप्लेट घरच्या इंकजेटवर छापू का? आणि चाकांचं कोणीच बोललं नाही.

प्रतिसाद: सुतारपक्षी

इंकजेटची शाई पारदर्शक असते, काळ्यावर तिचा रंग दिसणारच नाही. पांढऱ्या डेकल शीटवर छापा आणि पाण्यात बुडवण्याआधी क्लिअरचे दोन थर द्या, नाहीतर शाई पाण्यात विरघळून जाईल.

प्रतिसाद: गॅरेजवाला

चाकं: मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे रिम १४ इंची. १/२४मध्ये रिमचा व्यास १४.८ मिमी, टायर बाहेरून साधारण २५ मिमी आणि अंगाने अरुंद. मिनी गाडीच्या किटची घेऊ नका, ती १० इंची. फोक्सवॅगन बीटलची १५ इंची, फरक साधारण एका मिलिमीटरचा. टायर अरुंद हवा असल्यामुळे तीच त्यातल्या त्यात जवळची. हबकॅप काढून टाका आणि बशीसारखी टोपी पातळ प्लास्टिकच्या शीटमधून पंचने पाडा. क्रोमसाठी अॅल्युमिनियमची चिकट फॉइल ताणून बसवा. क्रोम पेनची चमक छान असते, पण हाताळली की मंद पडते आणि वर क्लिअर मारला तर मरतेच.