चाओझोऊचा ग्वांगजी पूल : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात हान नदीकाठी चाओझोऊ हे जुनं शहर आहे. तिथल्या ग्वांगजी पुलावर जाऊन आलेल्यांसाठी हा धागा. पूल ५१८ मीटर लांब, फक्त पायी चालणाऱ्यांचा. बांधायला सुरुवात झाली ११७१ साली. दोन्ही काठांकडून दगडी खांब पाण्यात येतात, आणि मधल्या खोल, ओढीच्या पात्रात खांब न घालता १८ होड्या एकीला एक जोडून वाट पुरी केली आहे. होड्या रोज सकाळी जोडतात, संध्याकाळी सोडतात.

सुरुवात मीच करतो. दगडी भाग संपला की पायऱ्या उतरून होडीवर यायचं. पहिल्याच पावलाला फळी किंचित दबली आणि खाली नदी आहे हे आधी तळव्यांना कळलं. माझ्यापुढे एक आजी नातवाचं मनगट घट्ट धरून उतरल्या, मधोमध थांबल्या आणि दोन होड्यांच्या फटीतून त्याला पाणी दाखवत राहिल्या. मी पाचशे मीटरला दीड तास लावला. लिहा तुम्हीही.

•

मी ठाण्याचा, सॅनिटरीवेअरच्या धंद्यात. चाओझोऊ म्हणजे आमच्यासाठी बेसिन-कमोडची पेठ. कित्येक वर्षं कारखाना, हॉटेल, स्टेशन एवढंच केलं. मागच्या खेपेला काम लवकर आटोपलं म्हणून संध्याकाळी नदीवर गेलो. होड्या सोडायला नुकती सुरुवात झाली होती. माणसांनी जोड सुटे केले, छोट्या मोटरबोटीने होड्यांचा एक पुंजका हळूच बाजूला ओढला, आणि मघाशी लोक चालत होते तिथे नुसतं वाहतं पाणी. काठावरची सगळी माणसं बघत उभी होती, रोज बघणारीसुद्धा. इतकी वर्षं हे चुकवलं, याचं खरंच वाईट वाटलं.

•

इथे एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या सहल-संयोजकाने पूल रात्री उशिरापर्यंत चालता येतो असं सांगितलं होतं. सहाला पोहोचलो तर होड्या केव्हाच सुटलेल्या. सासूबाई फक्त याच्यासाठी एवढा प्रवास करून आल्या होत्या. रात्रीची रोषणाई सुंदर असते, पण ती काठावरून बघायची. चालायचं असेल तर दुपार राखून ठेवा. तिकीट लागतं. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या.

•

मी ग्वांगझोऊत शिकत होते तेव्हा आईला घेऊन गेले. पुलावर लोखंडी बैल आहे. १७२४ साली पूर थोपवायचा म्हणून दोन बैल ओतून बसवले होते. १८४२ च्या पुरात त्यातला एक नदीत गेला. हे सांगितल्यावर आई त्या बैलाजवळ गेली आणि पोळ्याला फिरवतात तसा त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्या घरी आजोबांच्या वेळेपर्यंत बैलजोडी होती. जोडीतला एक गेला की दुसरा कसा खाणं सोडतो, ते ती मला तिथे उभी राहून सांगत होती. भाषा न कळणाऱ्या दोन बायका शेजारी थांबल्या, त्यांनीही हात फिरवला.

•

वरच्या ताईंना धन्यवाद. पुलावरून पूर्वेला उतरलात तर हान यूच्या मंदिरात जरूर जा. हा थांग काळातला कवी आणि अधिकारी. बादशहाला न रुचणारं लिहिलं म्हणून ८१९ साली त्याला इकडे धाडलं. राहिला जेमतेम आठ महिने, पण नदीला नाव त्याचं मिळालं. मंदिराच्या पायऱ्या चढून मागे वळलात की अख्खा पूल एका नजरेत दिसतो. १९५८ मध्ये होड्या काढून मधला भाग पक्का केला होता, त्यावरून गाड्या जायच्या. २००३ ते २००७ या काळात होड्या परत आणल्या. केवढं मोठं काम! जुनी वास्तू जपणं वेगळं, तिची रोजची रीत परत सुरू करणं वेगळं.

•

आम्ही पावसाळ्यात गेलो. नदी फुगलेली, त्या दिवशी होड्या जोडल्याच नाहीत. पश्चिमेच्या वेशीजवळ एका दुकानदाराने आत बोलावून चहा दिला. चहा तिथला फिनिक्स डोंगरावरचा, पेले लिंबाएवढे. तीनच पेले, माणसं पाच. आधी पाहुण्यांनी प्यायचं, मग पेले उकळत्या पाण्यात फिरवून पुढच्यांना. बाहेर पाऊस, समोर पुलाची दोन टोकं एकमेकांकडे तोंड करून उभी. मुलगी सारखी विचारत होती, उद्या जोडतील का? दुकानदाराला बोटांनी खूण करून विचारलं. त्याने नदीकडे बघितलं आणि चौथ्यांदा चहा ओतला.