मदत हवी आहे: चादर ट्रेकमध्ये इन्सुलिन गोठण्यापासून कसं वाचवायचं?

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, टाइप १ मधुमेही, दिवसातून चार वेळा पेनने इन्सुलिन घेतो. येत्या जानेवारीत लडाखमध्ये गोठलेल्या झांस्कर नदीवरून चालायचं मनात आहे. तिथे रात्री तापमान उणे २५ च्याही खाली जातं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निकामीच. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण इन्सुलिन आणि रक्तातली साखर मोजायचा मीटर दोन्ही शाबूत राहतील याची खात्री करूनच जा, असं बजावलंय. लेहला चढाईपूर्वीची वैद्यकीय तपासणी असते, तिथे काहीही लपवणार नाही.

इथे उन्हाळ्यात वापरतो ते पाण्यात भिजवायचे पाउच थंडावा देणारे, त्यामुळे तिथे निरुपयोगी. थर्मलच्या आत, पोटाशी पट्ट्यात पेन बांधून पहाटे रालामंडलची टेकडी चढून पाहिली. पेन उबदार राहिलं, पण इंदूरची थंडी ती काय! ग्लुकोमीटर फ्रीझरमध्ये ठेवून पाहिला तर नुसता एरर. काखेत धरल्यावर थोड्या वेळाने सुरू झाला. अंगावर लावून सतत साखर मोजणारा सेन्सर महिनोन्‌महिने परवडत नाही. विमानात सगळं हातातल्या बॅगेतच ठेवणार.

इन्सुलिन घेणाऱ्या कुणी हा किंवा असा हिवाळी ट्रेक केला आहे का? रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पेन अंगाशी ठेवणं पुरतं, की थर्मास लागतो? आणि चालताना बर्फावर थांबून साखर तपासायची वेळ आली, तर बोट आणि मीटर दोन्ही गरम कसे करता?