'सेल्फ-रेप्लिकेटिंग आरएनए'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धवट_रसायन: शाळकरी मुलांच्या एका अंकासाठी जीवसृष्टी सुरू कशी झाली यावर लिहितेय, त्यात आरएनए येतो, म्हणजे डीएनएचा भाऊबंद, चार प्रकारच्या मण्यांची लांब माळ. मी लिहिलं होतं 'स्वतःच्या नकला काढणारा आरएनए', तर ते खोडून 'स्वयंप्रतिकृतिक्षम आरएनए' करून आलं. म्हणे नक्कल म्हणजे बनावट माल. सातवीतलं पोर हा शब्द बघून पानच उलटेल हो. काही सुचतंय का?

घाटमाथा: नक्कल बनावट कधीपासून झाली? आमच्याकडे अजून सातबाराची नक्कल काढतात, कोर्टात नकलेचा अर्ज करतात, वर सही-शिक्का असतो म्हणून तर ती चालते. मूळ अरबी, इकडचं तिकडे नेणं असा अर्थ.

शुद्धमती: अरबीच ना. मग साधा 'प्रत' काय वाईट आहे? एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, नक्कल नाही केली. नकला बहुरूपी करतो.

घाटमाथा: आणि शुद्ध का करावी लागली? उतरवून घेणाऱ्यांनी पाठ बिघडवले म्हणूनच ना?

पिपेट: तेच तर आरएनएचंही आहे, उतरवताना चुका होतात आणि त्यातूनच उत्क्रांती सुरू होते. पण अहो प्रत म्हणा नाहीतर नक्कल, खरी गोची 'स्वयं'मध्ये आहे. आरएनएवरून आधी उलटा ठसा बनतो, ए मण्यासमोर यू, जी समोर सी, आणि त्या ठशावरून परत काढलं की मग कुठे मूळ माळ हाती येते. स्पीगलमन या शास्त्रज्ञाने साठच्या दशकात क्यू-बीटा विषाणूचा आरएनए परीक्षानळीत असाच वाढवत नेला, एका नळीतला थेंब पुढच्या नळीत, 74 वेळा. शेवटी 83 टक्के आरएनए गळून गेला होता, जो आखूड तो पटकन उतरवला जातो ना. पण ते उतरवायचं काम करत होतं विषाणूचं विकर (एन्झाइम), म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. मग यात स्वतःचं काय?

अर्धवट_रसायन: लेखात चेक आणि ऑल्टमन आहेत, 1989 चं नोबेल, आरएनए स्वतःच विकराचं काम करतो ते. म्हणून 'स्वतःच्या' लिहिलं.

पिपेट: विकराचं काम करतो हे बरोबर, पण चेकचा आरएनए स्वतःचा मधला तुकडा कापून टाकतो, स्वतःची प्रत नाही काढत. 2009 मध्ये लिंकन आणि जॉइस यांनी केलं ते जवळचं. दोन आरएनए विकरं, पहिलं दोन तुकडे जोडून दुसरं बनवतं, दुसरं तसंच पहिलं, तासाभरात दुप्पट, प्रथिन अजिबात नाही. एकमेकींची बाळंतपणं करणाऱ्या जावा आहेत त्या, 'स्वयं' कसलं! आणि तुकडे तयार द्यावे लागतात ते वेगळंच. ते आपोआप कसे बनले यावर तर सगळं भांडण आहे.

मावळतीकर: मग 'परस्परजनक' म्हणा.

शुद्धमती: छान आहे हा!

घाटमाथा: सातवीतल्या पोराला? काढा मग डिक्शनरी. सरळ 'आपल्यासारखे रेणू बनवणारा' लिहा, संपलं.

अर्धवट_रसायन: हे चालेल कदाचित. पण पुढे तेच दहा वेळा येतं, प्रत्येक वेळी एवढं कसं लिहू? शीर्षकात तर अजिबात बसत नाही.

नर्मदेहर: रेणू म्हणताय तर आधी हे सांगा, रेणू मराठीतच का? आम्ही इंदूरचे, तिथे शाळेत मॉलिक्यूलला अणू शिकलो आणि ॲटमला परमाणू. पुण्यात आल्यावर माझ्या भाचीने पेपरात 'पाण्याचा अणू' लिहिलं, मार्क कापले.

शुद्धमती: बरोबरच कापले. मराठीत अणू म्हणजे ॲटम.

नर्मदेहर: बरोबर कसे? वैशेषिक दर्शनात परमाणू सगळ्यात लहान, दोन जमले की द्व्यणुक. हिंदीने ते पाळलं, तुम्ही परमाणू टाकून दिला आणि रेणू, म्हणजे धुळीच्या कणाला, मॉलिक्यूल करून बसलात.

घाटमाथा: मग अणुबॉम्बला काय, परमाणुबॉम्ब म्हणायचं?

नर्मदेहर: म्हणतातच की आमच्याकडे!