हायस्कूलची सुट्टी: समर प्रोग्राम, इंटर्नशिप, व्हॉलंटिअरिंग – तुमचे अनुभव

जानेवारी उजाडला की इथल्या, अमेरिकेतल्या मराठी घरांत एकच प्रश्न सुरू होतो: यंदा समरला काय? जाहिराती सगळ्यांनीच वाचल्यात. तुमच्या घरी प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. मूल दिवसभर नेमकं काय करायचं, पैसे किती गेले, व्हिसा आडवा आला का. मुलांनी स्वतः लिहिलं तर फारच छान, मराठी मोडकंतोडकं चालेल. कॉलेजप्रवेशाला याचा किती उपयोग, हा वाद मात्र इथे नको; त्यासाठी उभा जन्म पडलाय.

मेरीलँड, मुलगा दहावीत

आमच्या राज्यात हायस्कूल पास व्हायला ७५ तास सेवेचे लागतातच, त्यामुळे सुरुवात नाइलाजाने झाली. फूड बँकेत, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेत, दान आलेले खाद्यपदार्थांचे बंद डबे निवडायचं काम. पोटाला चेपलेला डबा चालतो, पण कडेला किंवा जोडावर चेपला असेल तर बाद. फुगलेला असेल तर हातात घोळवत बसायचं नाही, सरळ फेकायचा. तास कधीच भरले, तरी शनिवारी जातोच. घरी मात्र वैताग आणलाय. आईने पुण्याहून पाठवलेल्या मेतकुटावर तारीख नव्हती, तर साहेबांनी माझी उलटतपासणी घेतली.

कॅलिफोर्निया, मुलगी अकरावीत, एच-फोर (एच-वनबीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा)

व्हिसाचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. हिच्या मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात लागल्या, हिला लागता येत नाही. पगाराची कुठलीच नोकरी नाही. एनआयएचसारख्या (आरोग्य संशोधनाची केंद्रीय संस्था) सरकारी प्रयोगशाळेची उन्हाळी इंटर्नशिप बघितली, तर तिथे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवं. मग ओळखीतले एकजण म्हणाले, "माझ्या स्टार्टअपमध्ये बिनपगारी येऊ दे." वकिलाला विचारलं. जे काम करायला एरवी पगारी माणूस ठेवतात, ते फुकट केलं तरी ते काम धरलं जाऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं. त्या वाटेला गेलो नाही.

उरलं खरंखुरं व्हॉलंटिअरिंग. ती हॉस्पिटलमध्ये जाते. आधी टीबीची तपासणी, लशींचे कागद, आमची सही, मग एक प्रशिक्षण. घरी सोडलेल्या पेशंटना व्हीलचेअरवरून दारापर्यंत न्यायचं. लिफ्टमध्ये शिरताना खुर्ची उलटी घ्यायची, म्हणजे पुढची छोटी चाकं फटीत अडकत नाहीत आणि पेशंटचं तोंड दाराकडे राहतं. थांबलं की आधी ब्रेक, मग पायाच्या पट्ट्या वर, मगच उठवायचं. एकदा एका गुजराती आजींना सोडायला गेली, तर मुलगा गाडी आणेपर्यंत आजींनी हिचा हातच सोडला नाही. कुठल्या महागड्या लीडरशिप कॅम्पमध्ये हे शिकवतात, मला तरी माहीत नाही.

न्यू जर्सी, मुलगा नववीत

आम्हाला सोनेरी शिक्क्याचं पत्र आलं, "आपल्या पाल्याचं नामांकन झालं आहे." आजी-आजोबांनी सांगलीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. खाली बारीक अक्षरात फी, काही हजार डॉलर. शाळेतल्या समुपदेशक बाई हसल्या, म्हणाल्या, अर्ध्या वर्गाला आलंय. कॅम्प नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरतो म्हणजे विद्यापीठानेच मुलं निवडली, असं नसतं. आवार भाड्याने मिळतं. गेलो नाही.

मी स्वतः लिहितेय, आता कॉलेजमध्ये आहे

समर सायन्स प्रोग्रामला गेले होते, अ‍ॅस्ट्रोफिजिक्सला. १९५९ पासून चालू आहे. तिघातिघांच्या टीम. प्रत्येक टीमला पृथ्वीजवळून जाणारा एक लघुग्रह. रात्री दुर्बिणीतून फोटो काढायचे, ताऱ्यांच्या गर्दीत जरासा सरकलेला ठिपका शोधायचा, आणि गणितज्ञ गाउसच्या पद्धतीने त्याची कक्षा काढणारा प्रोग्राम स्वतः लिहायचा. माझा लघुग्रह पहिल्यांदा गणितात थेट सूर्यात गेला. एक उणे चिन्ह चुकलं होतं, ते शोधायला पहाट झाली. तेवढ्यात आईचा फोन, "जेवलीस का?" फीमध्ये घरच्या उत्पन्नाप्रमाणे सवलत मिळते, आम्हाला बरीच मिळाली. गणित आवडणाऱ्यांनी बॉस्टन युनिव्हर्सिटीतला प्रॉमिस हा समर प्रोग्राम बघा. माझा मित्र गेला होता. सहा आठवडे फक्त नंबर थिअरी, म्हणजे पूर्णांकांचं गणित. तो सुखात होता, मी वेडी झाले असते.

टेक्सास, मुलगी दहावीत

आमची लाइफगार्ड झाली. रेड क्रॉसच्या कोर्सला वय १५ लागतं. परीक्षेत तळाशी जाऊन १० पौंडांची वीट वर आणायची असते. माझ्या सासूबाईंना वाटलं, नातीला तलावावर राखणीला बसवलंय. पहिला पगार आला तो कमीच. सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा) यांचे ७.६५ टक्के आधीच कापलेले. "मी तर म्हातारी नाही, मग माझे का?" यावर बापलेकीचं तासभर चाललं होतं.

बीड जिल्हा, शिक्षक

धागा अमेरिकेतल्यांचा दिसतोय, तरी इकडचं लिहितो. इस्रोचा युविका कार्यक्रम आहे, २०१९ पासून. नववीतल्या मुलांसाठी, मे महिन्यात साधारण दोन आठवडे, इस्रोच्याच केंद्रांवर. राहणं, जेवण, रेल्वेभाडं सगळं इस्रोकडून. आठवीचे गुण, ऑनलाइन चाचणी, विज्ञान प्रदर्शन, खेळ, स्काउट यांचे गुण धरतात आणि ग्रामीण शाळेतल्या मुलांना वेगळे गुण असतात. हे शेवटचं आमच्याकडे कुणाला ठाऊकच नसतं. मुलं हुशार आहेत, अडतं ते कागदांवर. प्रमाणपत्र असतं, पण ते स्कॅन करून चढवायला नेट कॅफे तालुक्याला, आणि तिथे नेमकी वीज नसते. आता आम्ही शाळेतच मोबाइलवर कागद काढून फायली तयार ठेवतो. आमचं अजून कुणी निवडलं गेलेलं नाही. यंदा तिघींचे अर्ज गेलेत.

पुणे, आई

पुण्यातल्यांनी आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचं शाळेत विचारावं. उन्हाळ्यात आठवडाभर मुलं तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर एखादा प्रकल्प करतात. ठरलेला अभ्यासक्रम नाही. नावं शाळेकडून जातात, म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागावं लागतं.

इलिनॉय, मराठी शाळेत शिकवते

हायस्कूलची मुलं आमच्याकडे रविवारी मदतनीस म्हणून येतात. तासांच्या कागदावर सही मिळते म्हणून येतात, हे उघड आहे, माझी हरकत नाही. "ळ" म्हणता न येणारा मुलगा सहा वर्षांच्या पोरांना "कमळ" शिकवत होता. आठवडाभर आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर घोकून आला होता.

एच-फोरवाल्या ताई, हॉस्पिटलचे अर्ज कधी निघतात? आमच्याकडे चौकशी केली तर जागा भरल्या म्हणाले.

कॅलिफोर्निया, एच-फोर

आमच्याकडे फेब्रुवारीत निघाले आणि लगेच भरले. तुमच्या हॉस्पिटलच्या व्हॉलंटिअर ऑफिसला डिसेंबरातच फोन करून ठेवा. टीबीची तपासणी मात्र आधी करू नका, ती ठरावीक मुदतीतलीच लागते.