हात-पाय-तोंडाचा आजार : मुलाला बालवाडीत केव्हा पाठवावे?

राजारामपुरीची आई : नमस्कार. माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला दोन दिवस ताप येऊन तळहात, तळपाय आणि तोंडात फोड उठले. सासूबाई कांजिण्या म्हणाल्या. डॉक्टरांनी मात्र एंटेरोव्हायरसमुळे होणारा हात-पाय-तोंडाचा आजार असल्याचे सांगितले. आता फोड सुकले आहेत. दारात सॅनिटायझर ठेवले असल्याने धोका नाही, असे बालवाडीतल्या बाईंचे म्हणणे आहे. सोमवारी पाठवावे का? घरात आठ महिन्यांची मुलगीही आहे.

पंचगंगाकाठ : सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका. अल्कोहोल ज्या विषाणूंवर चटकन चालते त्यांच्याभोवती स्निग्ध आवरण असते. एंटेरोव्हायरसला ते नसतेच. सुमारे ३० नॅनोमीटरच्या या विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) केवळ प्रथिनांच्या कवचात असतो आणि तेच कवच जठरातील आम्लातून त्याला सुखरूप आतड्यापर्यंत पोहोचवते. पोलिओचा विषाणूही याच कुळातला. त्यामुळे साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुणे उत्तम, कारण त्याने विषाणू निघून जातो. खेळणी आणि शौचालय यांसाठी क्लोरीनयुक्त द्रावण वापरा. खेळणी नंतर स्वच्छ पाण्याने धुवा.

ताप नसेल, फोड सुकले असतील आणि मूल खेळते असेल तर डॉक्टरांना विचारून पाठवावे. मात्र फोड गेले तरी विषाणू शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून शी धुतल्यावर आणि मुलीचा लंगोट बदलण्याआधी हात धुण्यात सवलत नको.

शाहूपुरीकर : आमच्या मुलीची नखे महिन्याभराने मुळापासून सुटू लागली तेव्हा आम्ही घाबरलो होतो. कॉक्सॅकी ए६ या एंटेरोव्हायरसच्या प्रकारानंतर असे होते आणि नखे पुन्हा येतात. तोंड हुळहुळे असेपर्यंत तांबडा रस्सा राहू द्या, गार दहीभात द्या. फोडांपेक्षा लक्ष ठेवायचे ते वेगळ्याच गोष्टींवर : झोपेत वारंवार दचकणे, सतत उलट्या, चालताना तोल जाणे, गुंगी. एंटेरोव्हायरस ए७१ हा प्रकार क्वचित मेंदूपर्यंत पोहोचतो; यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट पाहू नका.

राजारामपुरीची आई : दोघांचेही आभार. लेकीचे आणि त्याचे टॉवेल आजच वेगळे केले. बालवाडीच्या न्हाणीत साबणाची वडी आहे का, आणि मुलांचा हात तोटीपर्यंत पोहोचतो का, हे सोमवारी त्याला सोडण्याआधी स्वतः पाहणार आहे.