एकट्या क्लोरहेक्सिडीनवर भागणार नाही

हायपोक्लोराइटची (ब्लीचसारखं द्रावण) भीती वाटते म्हणून रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या मुळातली पोकळी, धुवायला नुसतं क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) चालेल का, असं एका डॉक्टरांनी विचारलंय. माझ्या मते नाही. २ टक्के क्लोरहेक्सिडीन जंतू मारतं, दातात टिकूनही राहतं. पण मेलेली नस विरघळवत नाही. ते काम सोडियम हायपोक्लोराइटचंच.

दोन्ही वापरायचीच असतील तर मधे सलाइनने भरपूर धुवा आणि पेपर पॉइंटने (कागदाची टोकदार शोषकाडी) कोरडं करा. नाहीतर दोन्ही एकत्र येताच विटकरी गाळ धरतो, बारीक नलिका बुजतात आणि दातावर डाग पडतो तो वेगळाच. फायलिंगचा, म्हणजे कानशीने घासताना भिंतीवर बसलेला, थर काढायला शेवटी १७ टक्के ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं द्रावण), मिनिटभर पुरे. तेही हायपोक्लोराइटमध्ये मिसळू नका, क्लोरीन तिथेच खलास होतो.

खरी भीती बाळगायची ती हायपोक्लोराइट मुळाबाहेर ढकलू शकणाऱ्या सुईची. बाजूला छिद्र असलेली ३० गेजची सुई घ्या, मुळाच्या टोकाच्या २ मिमी अलीकडे थांबा, ती कुठे अडकत नाही ना बघा आणि पिस्टन हलक्या हाताने दाबा. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) तर हवाच (पेशंट कुरकुरतात, कुरकुरू देत).

आणि मुंबईच्या मे महिन्यात खिडकीतल्या हायपोक्लोराइटच्या बाटलीवर विसंबू नका, ऊन-उकाड्याने तिची ताकद उतरते. आमच्या परळच्या दवाखान्यात गडद बाटली फ्रिजमध्ये असते, वर उघडल्याची तारीख लिहून.